पासिंगपुरते काढलेले दिवे

वर्षातून एकदा, पासिंगच्या आदल्या दिवशी, भैय्यालाल सेठच्या ट्रकला धुऊनपुसून गरीब केलं जायचं. टपावरचे दोन दिवे उतरायचे, समोरच्या लोखंडी गार्डावरचे चार उतरायचे, आणि शेवटी तो गार्डही उतरायचा. धनीराम वेल्डर पान्याने नट सोडवायचा, केवळराम ड्रायव्हर खालून गार्डाला खांदा द्यायचा, आणि दोघं मिळून ते धूड धनीरामच्या तुमसरच्या दुकानामागे नेऊन टाकायचे. सहा दिवे पोत्यात, पोतं तणसाच्या ढिगात. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला आरटीओच्या साहेबापुढे पासिंग. तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा जिथल्या तिथं. आमच्याकडे नियमाचा मान असा वर्षातून एक दिवस अगदी मनापासून राखतात.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात मात्र गार्ड खांद्यावर घेता घेता केवळराम तिथेच मातीत बसला. बावन्न वर्षांचं वय, त्यातली बारा वर्षं या एका ट्रकवर. चिखल्याच्या खाणीतून मँगनीजचा माल भरायचा, तुमसरच्या मालधक्क्यावर टाकायचा, दिवसाच्या तीन खेपा. तिसरी खेप टाकून गोबरवाहीला घरी परतेपर्यंत दिवस बुडायचा. थकवा काही आजचा नव्हता. पण हल्ली तो सकाळी उठल्यावरही अंगातच असायचा.

"काय झालं, भाऊ?" धनीरामने विचारलं.

"काई नाई. दरवर्षी हेच करून राहिलो ना. काढा आन् लावा, काढा आन् लावा."

"मंग यंदा काढून ठेवू. लावू नोको."

धनीराम सहज बोलला होता. कारण त्या दिव्यांची खरी गोष्ट धनीरामला ठाऊक नव्हती, सेठला नव्हती, एका बायकोला, रुखमाला, सोडून कोणालाच नव्हती.

गोष्ट अशी, की दिवस बुडाला की केवळरामला दिसत नसे. तीन वर्षांपासून हे सुरू झालं होतं. दिवसा सगळं ठीक. पण सूर्य जंगलामागे गेला, की रस्ता आणि शेत एक होऊन जायचं, गाडीचे मूळचे दोन दिवे त्याच्या डोळ्यांना पुरायचे नाहीत. घरी ताटाशेजारचा तांब्या तो हाताने चाचपून शोधायचा आणि रुखमा मुकाट्याने तो त्याच्या बोटांशी सरकवायची. सेठला त्याने एवढंच सांगितलं, की जंगलाचा रस्ता आहे, डुकरं आडवी येतात, एखादा दिवा जास्तीचा हवा. सेठ हौशी. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, इथे सेठने सहा दिले, वर चार टोकदार दांड्यांचा गार्ड दिला आणि त्यावर लाल-पिवळा रंगही दिला. तुमसरात असा ट्रक दुसऱ्या कोणाचा नव्हता. ते सहा दिवे पेटले की केवळरामसमोर पांढराशुभ्र रस्ता उघडायचा आणि त्यावरून तो बिनधास्त घरी यायचा.

म्हणून तर तो त्या दिव्यांना जपायचा. सकाळी चहाच्या आधी त्यांचं पुसणं. मँगनीजची काळी धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर काचेवर ओरखडे उठतात, म्हणून आधी ओलं फडकं, मग कोरडं. प्रत्येक नट हाताने चाचपून बघायचा, तारांवरची पट्टी सुटली का ते बघायचं, बॅटरीत पाणी आहे का ते बघायचं, आणि दिवसभर खडा लागू नये म्हणून सहाही दिव्यांवर रुखमाने शिवलेल्या जाड कापडाच्या टोप्या घालायच्या.

"माह्या पोराईले इतकं पुसलं नाई तुमी कधी," रुखमा म्हणायची. "डोरे दाखवा म्हनलं तर आयकत नाई. दिवे पुसून डोरे नीट होतेत का, अजी?"

"डाक्टरले दाखवलं का लायसन गेलं. तिसरी खेप ज्याच्यानं होत नाई, त्याले सेठ गाडी देत नाई. मंग घरी बसून काय तुह्या टोप्या शिवू?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. जमीन नव्हती, दुसरा हुन्नर येत नव्हता. पण दिव्यांचं आणखी एक सुख होतं, जे त्याने रुखमालाही मोकळेपणाने सांगितलं नव्हतं. दिवे लागल्यापासून रस्त्यावरची माणसं त्याला राम-राम करू लागली होती. संध्याकाळी शेतातून परतणारा गडी, मोळी घेतलेली बाई, सायकलवाला, गाडीवान, जो समोरून येईल त्याचा हात कपाळाशी जायचा. आधीच्या नऊ वर्षांत ही सवय कोणाला नव्हती. केवळरामला वाटायचं, बारा वर्षं इमानाने गाडी चालवली, अडल्यानडल्याला नेलं-आणलं, त्याचं हे फळ. प्रत्येक राम-रामला तो दोनदा हॉर्न वाजवून उत्तर द्यायचा. दिवसभरात एवढ्यानेच तर त्याचा थकवा उतरायचा.

सगळ्यांत नेमाने हात वर करणारा म्हणजे सुखराम. बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या वळणावर, गोबरवाहीच्या अलीकडे कोसभरावर, त्याची चार घरांची टोली होती. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गिरजाबाई बाळंतपणात अडली, तेव्हा केवळरामने अर्ध्या वाटेवरचा माल तसाच ठेवून तिला ट्रकमध्ये घालून तुमसरच्या दवाखान्यात पोचवलं होतं. बाई वाचली, पोर वाचलं. तेव्हापासून सुखराम त्याला देवासारखा मानायचा आणि केवळरामलाही ते मानून घ्यायला आवडायचं.

पासिंगला यंदा नवीन साहेब होते, लक्ष्मणराव नावाचे. केवळरामला वाटलं, नेहमीसारखे चाकं बघतील, ब्रेक बघतील, सही करतील. साहेब ट्रकसमोर येऊन थांबले आणि हाताची घडी घालून बराच वेळ नुसते बघत राहिले.

"गार्ड कुठे आहे?"

"कायचा गार्ड, साहेब?"

साहेबांनी बोटाने दाखवलं. गाडीच्या तोंडावर मँगनीजचा काळा थर बसला होता, धुऊनही न गेलेला. पण जिथे गार्ड असायचा तिथे धूळ पोचलीच नव्हती. तिथला रंग नवा कोरा होता. चार उभे पट्टे, दोन आडवे पट्टे, आणि वर चार गोल. काढलेला अख्खा गार्ड त्या रंगात उमटला होता. ताकाला जाऊन भांडं लपवावं आणि भांडं डोक्यावर असावं, तशातली गत झाली.

"आणि टपावर दोन," साहेब म्हणाले. "भोकं दिसतात. एकूण सहा." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर केवळरामला सोपं गेलं असतं. "ड्रायव्हर, नियम ठाऊक आहे ना? समोर दोन दिवे, त्यांची वरची अर्धी काच काळी, समोरून कोणी आलं की डिपर मारायचा. टपावर एकही नको. आणि गार्डाची टोकं बाहेर काढलेली असणार, बरोबर? उद्या माणूस लागला तर आधी टोक लागतं, मग गाडी."

"जंगलाचा रस्ता हाय, साहेब. डुकरं येतेत."

"आजवर किती डुकरं आली?"

"एक."

"आणि माणसं किती असतात त्या रस्त्यावर?"

केवळरामने सहीचा कागद पुढे केला.

"आज गाडीवर काही नाही, म्हणून मी सही करतो. पण रस्त्यावर दिसली तर सोडणार नाही." साहेबांनी कागद त्याच्या हातात दिला आणि केवळराम तो डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो तेही बघितलं. "एक सांगू? तुम्ही त्या दिव्यांच्या मागे बसता. कधी पुढे उभे राहिलात का?"

"लोकं राम-राम करतेत साहेब माह्या गाडीले," केवळराम म्हणाला. तो रागावला होता आणि त्याला काहीतरी मोठं बोलायचं होतं. साहेबांनी त्याच्याकडे नवलाने बघितलं आणि ते पुढच्या गाडीकडे गेले.

तिसऱ्या दिवशी धनीराम पाना हातात घेऊन उगाच रेंगाळत होता. "भाऊ, साहेबानं वळखलं ना. ठेवू का असेच?"

"लाव म्हनतो ना."

"अर्धी काच तरी कारी करू?"

"लाव, धनीराम. जीव नोको खाऊ."

लागले. सेठ स्वतः येऊन बघून गेला, खूश झाला. "अपनी गाड़ी अपनी दिसली पाहिजे," म्हणाला. केवळरामने टोप्या काढल्या, त्या संध्याकाळी सहाही दिवे पेटवले, आणि रस्ता पुन्हा पांढरा झाला.

त्यानंतर पाचव्या की सहाव्या दिवसाची गोष्ट. बोडीच्या वळणावर सुखरामची बैलगाडी समोरून आली. सुखरामने त्या दिवशी दोन्ही हात वर केले. केवळरामला भरून आलं. दोन हात तर माणूस देवळात जोडतो. त्याने दोनऐवजी तीनदा हॉर्न वाजवला आणि वळण घेऊन पुढे निघून गेला.

खाणीजवळच्या चहाच्या टपरीवर त्याला दोन दिवसांनी कळलं, की सुखरामची गाडी बोडीच्या बांधावरून, पाळूवरून, खाली गेली. माणूस खरचटण्यावर निभावला, पण पांढरा बैल पायात मोडला. मोडल्या पायाचा बैल म्हणजे काय, हे कोणी कोणाला सांगावं लागत नाही. केव्हा गेली म्हणून त्याने विचारलं, तर टपरीवाला कपबशी धुता धुता म्हणाला, "सांजच्या टायमाले," आणि आत निघून गेला. टपरीवरचे बाकीचेही एकाएकी आपापल्या चहात गुंतले. केवळरामला काही खटकलं नाही. थकलेल्या माणसाला बरंच काही खटकत नाही.

खाणीच्या सुट्टीच्या दिवशी तो सुखरामच्या टोलीवर गेला. तुमसरच्या धक्क्यावरचा उरलेला माल हलवायला त्या दिवशी सेठचा दुसरा ड्रायव्हर, ताराचंद, हीच गाडी घेऊन गेला होता. संध्याकाळी तो गाडी गोबरवाहीला आणून लावणार होता. केवळरामने हिशेब केला, येताना त्याच गाडीत बसून घरी जाऊ.

अंगणात गिरजाबाईने खाट टाकली. गोठ्यात एकच बैल होता. दुसऱ्या दावणीपुढचा चारा तसाच पडलेला, कोणी उचलला नव्हता.

"कसं झालं गा हे?" केवळरामने विचारलं.

सुखराम जमिनीकडे बघत म्हणाला, "काई दिसलंच नाई, भाऊ. एकदम दिसलं नाई."

केवळरामने मनात म्हटलं, हाही आपल्यासारखाच! इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कोणीतरी जोडीदार सापडला. त्याने खाट पुढे ओढली आणि रुखमाशिवाय कोणाशी न बोललेली गोष्ट तो बोलून गेला. "सुखराम, लाजू नोको. मलेही दिवस बुडला का दिसत नाई. तीन वर्षं झाली. तुमसरले डोऱ्याईचं शिबिर लागते म्हनतेत. तू दाखवून ये. तुह्यासंग मीही येतो पाहिजे तर."

सुखरामने मान वर केली आणि तो केवळरामकडे बघत राहिला. गिरजाबाई चुलीजवळून उठून दारात आली. "तुमाले दिसत नाई, भाऊजी?" ती म्हणाली. "मंग तुमी…" सुखरामने हात वर करून तिला थांबवलं. ती आत गेली, आणि आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

केवळरामला वाटलं, बाईला बैलाचं दुःख आहे. त्याने चहा घेतला, चार शब्द बोलला, आणि ऊन उतरताच निरोप घेऊन रस्त्यावर येऊन उभा राहिला. जंगलामागे उजेड मावळला. रस्त्याची कड दिसेनाशी झाली. त्याने पायाने चाचपून डांबर कुठे संपतं ते बघितलं आणि कडेला थांबला. थंडी होती. ट्रकचा आवाज त्याने दुरूनच ओळखला, दुसऱ्या गियरची घरघर कानांच्या सवयीची होती. ताराचंद दिसला की हात दाखवायचा आणि चढायचं.

गाडी वळणावर आली आणि सहाही दिवे त्याच्या तोंडावर पडले.

जग गेलं. रस्ता, बोडी, झाडं, स्वतःचे पाय, काहीच राहिलं नाही. डोळ्यांत सुया टोचल्यागत झालं आणि त्याचा हात आपोआप उठून कपाळाशी गेला. दुसराही गेला. तो तसाच दोन्ही हात डोळ्यांवर धरून मागे सरकला, पाय पाळूवरून घसरला आणि तो काटेरी झुडपांत बसकण मारून पडला. ट्रक अंगावरून जावा इतका जवळून गेला. आणि जाता जाता ताराचंदने, उस्तादाची, म्हणजे केवळरामचीच, रीत सांभाळून, दोनदा हॉर्न वाजवला.

आवाज लांब गेला, मग बंद झाला. केवळराम तिथेच बसून राहिला. डोळ्यांपुढे हिरवे-लाल गोळे फिरत होते, त्यामागे काळोख. आधी त्याला नुसती लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. मग एकेक हात आठवू लागला. मोळीवाली बाई, सायकलवाला, गडी, पोरं, तीन वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी, सगळे हात. आणि प्रत्येक हाताला त्याने हॉर्न वाजवला होता. सुखरामच्या दोन हातांना तीनदा.

"भाऊ! थांबा, हलू नोका." सुखराम कंदील घेऊन खाली उतरत होता. त्याने केवळरामला दंडाला धरून उठवलं आणि काटे झाडले. मग त्याचा हात आपल्या खांद्यावर ठेवून तो पुढे चालू लागला. कोसभर वाट.

"सुखराम, तू मले सांगतलं काहून नाई?"

"काय सांगावं, भाऊ? तुमी गिरजेचा जीव वाचवला."

"दुसरं कोनी तरी सांगाचं."

"कोनाचं ना कोनाचं काई केलंच हाय तुमी या रस्त्यावर. आमी म्हनलं, डायवरभाऊची हौस हाय. डोरे झाकले का झालं." थोडं चालून तो म्हणाला, "बैल झाकत नाई ना डोरे."

घरी रुखमाने दार उघडलं, नवऱ्याला असं सुखरामच्या खांद्यावर हात ठेवून आलेलं बघितलं, आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या केवळरामच्या बोटांशी आणून दिला. त्या रात्री तो जेवला नाही. सकाळी उठून त्याने दिवे पुसलेही नाहीत. पहिली खेप तुमसरला टाकली आणि गाडी सरळ धनीरामच्या दारात लावली.

"काढ."

"पासिंग तर झाली, भाऊ. आता कायले?"

"काढ, धनीराम. आन् पुन्हा लावू नोको."

गार्ड खाली घेताना त्याने पुन्हा खांदा दिला. धनीरामने उरलेल्या दोन दिव्यांच्या वरच्या अर्ध्या काचांना काळा रंग दिला, पट्टी धरून, सरळ रेघेत. तेवढ्यात सेठला खबर लागली आणि तो आला. "पागल झाला का रे? हे काय करून राहिला?" म्हणून त्याने आवाज चढवला. केवळरामने त्याला सगळं सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं, बैलाचंही. सांगताना तो रडला नाही, उभ्याउभ्या बोलत राहिला, कामाचा पाढा वाचल्यासारखा. सेठ ऐकून घेत कोऱ्या रंगातल्या त्या पट्ट्यांकडे बघत होता. शेवटी त्याने हात पुढे केला. केवळरामने चावी दिली.

"डोरे दाखवून ये," सेठ म्हणाला. "मंग पाहू." मंग पाहू म्हणजे काय, हे बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कळतं.

चावी ताराचंदकडे गेली. उरलेल्या दोन्ही खेपा त्यानेच मारल्या आणि केवळराम उजव्या दारातून डावीकडच्या सीटवर सरकून बसला, कारण घरी जायला दुसरी गाडी नव्हती. तिसरी खेप टाकून परतताना दिवस बुडाला. दोन दिव्यांचा पिवळा, खाली पडणारा उजेड. त्यात केवळरामला काहीच दिसत नव्हतं.

"ताराचंद, समोर कोनी हाय का?"

"दोन बाया हाय, उस्ताद. मोळ्या घेऊन."

"हात वर केला का त्याईनं?"

"नाई बा. चालून राहिल्या सरळ."

सायकलवाल्याने केला नाही. गड्यांनी केला नाही. ताराचंद प्रत्येकाला बघून डिपर मारत होता. त्याचा खटका केवळरामला ऐकू येत होता. गाडी बोडीच्या वळणाला लागली, हे त्याने गियरवरून ओळखलं.

"सुखराम हाय समोर," ताराचंद म्हणाला. "एकच बैल हाय दोरीले. उभा राहिला कडेले."

"हात?"

"नाई. नुसता पाहून राहिला आपल्याकडं."

केवळरामने खिडकीतून हात बाहेर काढला, कपाळाशी नेला, आणि सुखराम उभा असेल तिकडे, त्या काळोखात, राम-राम केला. हात त्याने बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"उस्ताद," ताराचंद हळूच म्हणाला, "तो तं मांगं रायला."